पाणी जोखताना

जानेवारीत मोजायचं, कारण जानेवारीत पंप झोपलेले असतात
आणि पाणी, जेवढं उरलंय तेवढं,
आपल्या जागी येऊन बसतं.

पश्चिम कॅन्ससमधलं गाव. धान्याची तीन उंच कोठारं,
एक चर्च, बंद पडलेली शाळा,
आणि बर्फातून वर आलेली ज्वारीची धसकटं.
ज्वारी! पहिल्या वर्षी मी गाडी थांबवून उतरले होते.
डुएन म्हणाला, "खातेस? आम्ही गुरांना घालतो."

माझ्या यादीत अठ्ठावन्न विहिरी. ही बाविसावी.
उणे बारा अंश.

पोलादी टेपच्या शेवटाला निळा खडू फासते,
शिशाचं वजन भोकातून खाली सोडते.
शंभर. दीडशे. टेप सरसरत जाते,
खाली काय चाललंय ते फक्त बोटांना कळतं.
दोनशे वीसची खूण पाइपच्या कडेला धरते,
आणि वर ओढायला लागते.

खडू भिजतो तिथे गडद होतो,
पाटीवरून ओलं बोट फिरवावं तसा.
तीन फूट, चार दशांश. एवढीच ओल.

कडेपूरच्या शाळेत टोणपे बाईंनी शिकवलेली वजाबाकी:
शून्यातून चार जात नाहीत,
म्हणून शेजारच्या घरातून एक उसना घ्यायचा.
शेजारच्या घरातही शून्य.
(शेजारची बोअर सकाळीच मोजली. अख्खी टेप कोरडी,
खडू जसा फासला तसा वर आला.)
मग त्याच्याही पलीकडच्या घरी जायचं.
उसनं परत कधी करायचं, ते बाईंनी सांगितलं नव्हतं.
आम्हीही विचारलं नाही.

दोनशे सोळा पूर्णांक सहा.
मागच्या जानेवारीत दोनशे चौदा पूर्णांक एक.

हे पाणी आपल्या ओळखीच्या पावसाचं नाही.
डोंगर झिजून इथवर वाहत आलेल्या वाळूत
हिमयुगाच्या शेवटी कधीतरी मुरलेलं.
त्याला कुणी तहान दाखवली नव्हती तोवर ते
नुसतं होतं.

पाणी जोखणं म्हणजे माणूस ओळखणं, आमच्या भाषेत.
इथे मी नुसतं पाणी जोखते;
माणसं बाजूला उभी असतात, थर्मास घेऊन.

लिओना ड्रायलिंग, वय त्र्याऐंशी.
"किती?" ती विचारते.
आकडे मार्चमध्ये जाहीर होतील, असं सांगायचा नियम आहे.
मी आकडा सांगते.

ती मला पंपाच्या खोलीचं दार दाखवते, आतल्या बाजूने.
डावीकडे मुलांच्या उंचीच्या रेघा:
कार्ला, नॉर्बर्ट, पुन्हा कार्ला, तारखांसकट.
उजवीकडे, वरून खाली, पाणी.
एकसष्ट साली बासष्ट फूट, नवऱ्याच्या टोकदार अक्षरात;
मधेच अक्षर बदलतं, तिचं होतं, गोल,
मग गेल्या दोन-तीन ओळी थरथरतात.
मुलं एका रेघेपाशी वाढायची थांबली.
हा आकडा थांबला नाही.

"तू लिही," ती म्हणते, आणि पेन्सिल पुढे करते.

सरकारी वहीत मी हजार आकडे लिहिले असतील.
हा लिहिताना सहाचं पोट दोनदा गिरवावं लागलं,
लाकूड तिथे फुगलेलं होतं.
खाली वाकून लिहिलं. जवळजवळ उकिडवी बसून.

कॉफी फार कडू होती. मी सगळी प्यायले.

पुढची विहीर अकरा मैलांवर.
डुएन गाडी चालवतो, रेडिओवर मक्याचे भाव.
नखांतला निळा खडू मी पेन्सिलीच्या टोकाने काढत बसते,
आणि ती पेन्सिल तिची आहे,
माझ्याकडेच राहिली, हे लक्षात येईपर्यंत
कोठारंसुद्धा दिसेनाशी झालेली असतात.

दाराला खाली अजून जागा आहे.
चार ओळींची. बारीक लिहिलं तर पाच.